आवर्तनांच्या मधली कोरडी दारणा : शहराचं आरक्षण आणि देवळाली मिनो, पाणी कोणाच्या वाट्यातून?

दारणाकाठ

ऑक्टोबर जवळ आला की १५ तारखेचा धरणसाठा बघून ३१ जुलैपर्यंतचं पिण्याचं पाणी आरक्षित होतं. मग कालवा सल्लागार समितीत रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं (सिंचनासाठी ठरावीक दिवस पाणी सोडण्याच्या पाळ्या) ठरतात. शहर, कारखाने, शेती, गरज पडली तर जायकवाडी, सगळ्यांचे आकडे त्यात येतात. धरणाखालच्या नदीत जे जगतं त्याच्यासाठीचा आकडा मात्र कधी ऐकू येत नाही. या वर्षी तो मागायचा असेल तर किती पाणी, कोणत्या धरणातून आणि कोणाच्या वाट्यातून, हे आधी आपसात पक्कं करायला हवं. त्यासाठी हा धागा.

मी नाशिक जिल्ह्यातल्या दारणा नदीपुरतं बोलतो, कारण तिथे एक फार नेमकी जबाबदारी आपल्यावर आहे. देवळाली मिनो (शास्त्रीय नाव पॅराप्सिलोऱ्हिंकस प्राटेरी) हा मासा १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा यांनी देवळालीजवळच्या दारणेतून नोंदवला. बोटाएवढा मासा. वाहत्या पाण्यात तळाच्या दगडगोट्यांना धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. आययूसीएनच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. खाली गोदावरीवरचा नांदूर मध्यमेश्वर बंधारा आणि त्याचं पक्षी अभयारण्य २०१९ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि त्याच्या वर्णनात ज्या मोजक्या प्रजाती नावानिशी दिल्या आहेत त्यांत गिधाडांच्या बरोबरीने हा मासा आहे.

दारणा धरण १९१६ चं. मासा नोंदवला गेला १९३८ मध्ये, धरणाच्या खालच्या अंगाला. म्हणजे धरण झाल्यावर वीस-बावीस वर्षं तरी तो तिथे टिकून होता. धरण आहे म्हणून मासा राहूच शकत नाही, असं त्यामुळे म्हणता येत नाही. धरणातून पाणी कसं सोडलं जातं, याकडे बघावं लागतं.

दारणेच्या सिंचनाचं पाणी धरणापासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत नदीपात्रातूनच जातं आणि तिथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव, राहात्याकडे. भगूर, नानेगाव, शेवगे दारणा, चेहेडी या पट्ट्यात नदी म्हणजेच पाट. आवर्तन चालू असताना शेकडो क्युसेक (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट), बंद झालं की डबकी. वर्षभराची बेरीज केली तर या पट्ट्यातून भरपूर पाणी जातं. दगडाला धरून राहणाऱ्या माशाला त्या बेरजेचा काही उपयोग नाही, कारण दोन आवर्तनांच्या मधले तीन-चार आठवडे दगड उघडे पडतात.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे : १५ ऑक्टोबर ते ३१ मे सलग १० क्युसेक. एक क्युसेक दिवसभर वाहिला की ०.०८६४ दशलक्ष घनफूट (दलघफू) होतात. १० क्युसेकचे २२९ दिवस म्हणजे सुमारे १९८ दलघफू. दारणेची क्षमता ७,१४९ दलघफू. पावणेतीन टक्के.

पाटपाणी

हिशेब बरोबर आहे, पण फक्त धरणाच्या तोंडाशी.

१० क्युसेक म्हणजे सेकंदाला २८३ लिटर. नदीकाठची पाच एचपीची मोटार वीसेक मीटर उंचीवर पाणी चढवत असेल तर सेकंदाला नऊ-साडेनऊ लिटर उचलते. तीस मोटारी चालू झाल्या की तुमचे १० क्युसेक संपले. भगूर ते चेहेडी पट्ट्यात तीस मोटारी ही फार मोठी संख्या नाही. मोठं आवर्तन सोडतात ते याचसाठी. शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचवायचं तर नदी जोरात आणि थोडे दिवस चालवावी लागते. बारीक धार सोडली तर ती वाळूत मुरते, उन्हात उडते आणि काठावर उपसली जाते. वहनव्यय (वाटेत वाया जाणारं पाणी) वाढतो तो कोपरगाव-राहात्याच्या माथी.

दुसरं म्हणजे मध्ये को. प. (कोल्हापूर पद्धतीचे) बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत पाणी अडवायला बर्गे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) बसतात. वरून १० क्युसेक आले तरी पहिला बंधारा भरेपर्यंत खाली थेंब जाणार नाही. भरल्यावर सांडेल, तोवर काठावरच्या मोटारी पातळी खाली घेतील. माशाला बंधाऱ्यातलं तुंबलेलं पाणी चालत नाही असं तुम्हीच म्हणता. मग हे पाणी नेमकं कोणासाठी?

आणि जायकवाडी विसरू नका. २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे हजार दलघफू) सोडण्याचा आदेश निघाला, त्यात २.६४३ टीएमसी दारणा समूहातून (दारणेच्या खोऱ्यातल्या धरणांतून) आणि अर्धा टीएमसी गंगापूर समूहातून होते. तुटीच्या वर्षी वरच्या शेतकऱ्याचं एक आवर्तन असंच जातं. त्यावर माशाचे दोनशे दलघफू म्हटलं तर बैठकीत ऐकून कोण घेईल? मी विरोधाला विरोध करत नाही. पाणी पोचतं कसं ते दाखवा, मग वाटा मागा.

दारणाकाठ

मुद्दे रास्त आहेत. बंधाऱ्यांचं आधी घेतो, कारण ते सगळ्यात स्वस्तात सुटतं.

प्रत्येक बंधाऱ्याच्या एका गाळ्यात सगळ्यात खालच्या बर्ग्याच्या जागी पाइप बसवलेला पत्रा टाकता येतो. १५ सेंमी व्यासाचा पाइप आणि वर दोन मीटर पाणी असेल तर सेकंदाला साधारण ६६ लिटर, म्हणजे २.३ क्युसेक जातात. ३० सेंमीचा पाइप घेतला तर चौपट, सव्वानऊ-साडेनऊ क्युसेक. बंधाऱ्यातली पातळी अर्ध्या मीटरवर आली तरी त्यातून साडेचार-पावणेपाच क्युसेक जात राहतात, कारण प्रवाह उंचीच्या वर्गमुळाने घटतो, उंचीच्या प्रमाणात नाही. त्याला झडप नको. झडप असली की पहिल्याच टंचाईत ती बंद होते.

यात बिघडणाऱ्या गोष्टी दोन. पाइपच्या तोंडाशी प्लास्टिक, पाणवेल आणि गाळ अडकतो; म्हणून वरच्या अंगाला तोंडापासून हातभर पुढे आडव्या सळ्यांची पेटी हवी, सळ्यांत चार-पाच सेंमीची फट. तोंडावरच जाळी ठोकली तर आठवड्यात बुजते. आणि पाइपमधून पडणारं पाणी खाली खड्डा पाडतं, बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो. तिथे दगडांचा थर अंथरायलाच हवा.

मोटारींचं उत्तर वीज वेळापत्रकात आहे. शेतीपंपांना दिवसाचे ठरावीकच तास वीज असते. ती आठ तास धरली तर उरलेले सोळा तास नदी वाहते. माशासाठी आठ तास धार बारीक होणं आणि तीन आठवडे कोरडं पडणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिवाय मोजणी धरणाच्या दरवाजावर न करता चेहेडीच्या वरच्या अंगाला करायची. आदेशात आकडा तिथला लिहिला की वाटेतला उपसा बघणं हे सोडणाऱ्याचं काम होतं.

नळजोडणी

शहराच्या बाजूने थोडं सांगतो, कारण इथे सगळा भार शेतीवर टाकला जातोय.

नाशिक महापालिकेचं पाणी तीन ठिकाणांहून येतं : गंगापूर (क्षमता ५,६३० दलघफू), मुकणे (७,२३९) आणि दारणेवरचा चेहेडी बंधारा. गंगापूरचं पाणी बारा बंगला, शिवाजीनगर, पंचवटी वगैरे केंद्रांत जातं, मुकण्याचं विल्होळीला. रोजची उचल १९ ते २० दलघफू. २० धरली तर दिवसाला ५६६ दशलक्ष लिटर. लोकसंख्या २२ लाख धरून माणशी १३५ लिटरने गरज काढली तर २९७ दशलक्ष लिटर येते. बाकीचं कुठे जातं? थोडं व्यापारी वापरात, थोडं फिरत्या लोकसंख्येला आणि बरंचसं गळती, बिनमीटर जोडण्या आणि भरून वाहणाऱ्या टाक्यांत.

आता दारणाकाठ यांच्या १९८ दलघफूशी हे ताडून बघा. रोजच्या २० दलघफू उचलीतून एक टक्का गळती कमी झाली तर २२९ दिवसांत ४५.८ दलघफू वाचतात. १९८ साठी साडेचार टक्क्यांच्या आतच गळती कमी करावी लागते. मुकणे दारणेच्याच खोऱ्यातलं आहे. मुकण्यातून कमी उचललेलं पाणी दारणा समूहाच्याच खात्यावर राहतं. त्यामुळे शेतकऱ्याच्या वाट्याला हात न लावता नदीचा वाटा शहराच्या बचतीतून देता येतो, कागदावर आणि पात्रातही. गंगापूरच्या बचतीचा मात्र दारणेला उपयोग नाही, ती गोदेच्या वरच्या पट्ट्यासाठी.

गळती शोधण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी जलकुंभनिहाय झोन वेगळे करायचे, झोनच्या तोंडावर मीटर बसवायचा, मग रात्री दोन ते चारचा प्रवाह बघायचा. त्या वेळी वापर जवळजवळ नसतो, तरी मीटर फिरतोय तर ते पाणी बहुतेक जमिनीत चाललंय. ठरावीक वेळीच पाणी देणाऱ्या शहरात ही मोजणी चुकते, कारण रात्री लाइनला दाबच नसतो. म्हणून मोजायच्या रात्री त्या झोनला मुद्दाम पाणी चालू ठेवून आणि इमारतींच्या टाक्यांचे कॉक बंद करूनच ती करावी लागते. बहुतेक गळती मोठ्या वाहिनीत सापडत नाही. मुख्य वाहिनीवरून घरात जाणाऱ्या अर्ध्या-पाऊण इंची जोडाजवळ सापडते. तिथल्या फेरूलपाशी (वाहिनीत बसवलेल्या जोडतोटीपाशी) लोखंड सडतं आणि वर रस्ता काँक्रीटचा असल्याने पाणी वर न येता खाली मुरतं.

चेहेडीबद्दल एक. वालदेवीतून येणारं सांडपाणी बंधाऱ्याच्या पाण्यात मिसळतं, म्हणून उन्हाळ्यात तिथली उचल थांबवून नाशिकरोडला गंगापूर-मुकण्याचं पाणी द्यायची वेळ येते. दारणा बारा महिने वाहती राहिली आणि वालदेवीचे नाले अडवले तर चेहेडीचं पाणी वापरता येईल. तिथे शहराचा आणि माशाचा फायदा अगदी एकच आहे.

खाणगाव थडी

सगळे वरच्या पट्ट्याचं बोलताय. आमच्या इकडे, नांदूर मध्यमेश्वरला, प्रश्न उलटा आहे. इथे पाणी कमी पडत नाही, घाण पडतं.

नळजोडणी यांचाच आकडा घ्या. ५६६ मधला एक तृतीयांश गळतीत गेला म्हणा, उरलेल्याचं ८० टक्के सांडपाणी होतं. ते ३०० दशलक्ष लिटर रोज, म्हणजे सव्वाशे क्युसेक सतत. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांतून किंवा नाल्यांतून ते शेवटी गोदेत आणि मग आमच्याकडे. बंधाऱ्याची साठवण २५७ दलघफू. सव्वाशे क्युसेक म्हणजे दिवसाला १०.८ दलघफू. आवर्तन बंद असताना चोवीस दिवसांत अख्खा जलाशय सांडपाण्याने भरेल एवढं येतं.

शुद्धीकरणाचा निकष काय, याने इथे सगळा फरक पडतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप. ३०० दशलक्ष लिटर पाणी बीओडी ३० वर सोडलं तर रोज ९ टन सेंद्रिय भार, १० वर सोडलं तर ३ टन. हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी १०, एकूण नत्र १० आणि एकूण स्फुरद १ मिलिग्रॅम प्रति लिटर असे निकष धरले. स्फुरद १ वर आला तरी रोज ३०० किलो स्फुरद पाण्यात जातो. पाणवेल त्याच्यावर जगते. उबदार, खताळ पाण्यात एक-दोन आठवड्यांत तिचं क्षेत्र दुप्पट होतं. खाली प्रकाश जात नाही, पहाटे प्राणवायू अगदी कमी होतो. मासे जगायला विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा, वाहत्या पाण्यातल्या माशांना त्याहून जास्त. दुपारी मोजलं तर आकडा छान येतो, म्हणून मोजायचं ते पहाटे पाच-साडेपाचला.

पाणवेल काढून काठावर टाकतात, ते बंद व्हायला हवं. ती तिथेच कुजते, पहिल्या पावसात सगळं नत्र-स्फुरद परत पाण्यात. पूररेषेच्या वर नेऊन खत करायला हवं, आणि काढायची ती जांभळी फुलं यायच्या आत, कारण बी गाळात वर्षानुवर्षं पडून राहतं.

पातळीचंही बघा. नोव्हेंबर ते मार्च चापडगाव, खाणगावच्या उथळ भागात बदकांना हात-दीड हात पाणी लागतं, चिखलपक्ष्यांना चार-सहा बोटं. आवर्तनासाठी बंधारा काठोकाठ भरून ठेवला की चिखलपट्टा बुडतो आणि पक्षी उडून जातात. एका दिवसात उपसला की पट्टा वाळून टणक होतो आणि चोच शिरत नाही. रोज दोन-तीन सेंमीने उतरणारी पातळी सगळ्यांत चांगली. त्याला जादा पाणी लागत नाही, दरवाजे उघडायचा क्रम लागतो.

कलमवाचक

कायद्यात हाताशी काय आहे ते सांगतो, म्हणजे मागणी कोणत्या दारात न्यायची ते कळेल.

जायकवाडीचं वाटप महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीवर उभं आहे. मेंढेगिरी समितीच्या तक्त्यावर (वरच्या धरणांतून केव्हा किती सोडायचं त्याच्या) आधारित प्राधिकरणाचा आदेश सप्टेंबर २०१४ चा, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा हिशेबी साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावं लागतं. हे सगळं माणसांच्या दोन गटांमधलं वाटप आहे. नदीसाठी वेगळा हक्क त्यात नाही. पण आदेश, तक्ता, तारीख, मोजणीची जागा हा साचा तयार आहे. नदीचा वाटा याच साच्यात मागता येतो.

किमान प्रवाहाचं म्हणाल तर राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१७ मध्ये सर्व राज्यांना सांगितलं की नद्यांत कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के एवढा प्रवाह राखावा. गंगेसाठी २०१८ मध्ये केंद्राने हंगामवार टक्केवारीची अधिसूचना काढली. ती गंगेपुरतीच आहे, अर्जात गोदावरीला लावू नका, समोरचा वकील पहिल्या मिनिटात ती खोडून काढेल. १५-२० टक्क्यांतही एक खाच आहे : कोरड्या हंगामातला सरासरी प्रवाह धरणाआधीचा की धरणानंतरचा? दारणेत आज उन्हाळ्यात सरासरी काढली तर आवर्तनाचे शेकडो क्युसेक तिच्यात येतात आणि आकडा फुगतो. अर्जात आवर्तन वगळून, धरणाच्या वरच्या पाणलोटातून येणाऱ्या प्रवाहावर हिशेब मागा.

नांदूर मध्यमेश्वर हे १९८६ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा प्रवाह वळवणं, अडवणं किंवा वाढवणं मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही. बंधारा अभयारण्यापेक्षा कितीतरी जुना आहे, त्यामुळे या कलमाने चालू सिंचन बंद होईल अशी आशा कोणी धरू नये. नवी उचल, नवा कालवा किंवा बंधाऱ्याची उंची वाढवण्याचा प्रस्ताव आला तर मात्र हे कलम भक्कम उभं राहतं. सांडपाण्यासाठी पाणथळ जागा नियम, २०१७ बघा. शहरांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला त्यात मनाई आहे. रामसर स्थळं त्यांच्या कक्षेत येतात, पण वन्यजीव अधिनियमाखालच्या क्षेत्रांना त्यांतून वगळलं आहे, म्हणून आपल्या अभयारण्याला ते कितपत लागू होतात हे अर्जाआधी तपासून घ्या.

राज्याच्या प्राधान्यक्रमात पिण्याचं पाणी पहिलं, मग शेती, मग उद्योग. म्हणून मागणी कधीही ‘पिण्याच्या पाण्यातून कपात’ या शब्दांत मांडू नका. नळजोडणी यांनी सांगितलं तसं ‘गळती बचतीतून’ मांडा.

हेमाडपंथी७

एक साधा प्रश्न. तो मासा आज दारणेत आहे का? नसेल तर १९८ दलघफू कोणासाठी मागायचे?

ओढ्यातले मासे

प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर शोधण्याची पद्धत ठरलेली आहे. पाणी मागण्याआधी शोध संपलाच पाहिजे असं मात्र नाही. या कुळातले मासे कोरड्या पात्रात सापडणारच नाहीत, म्हणजे नदी कोरडी ठेवून ‘मासा नाही’ असं म्हणणं ही शोधातलीच चूक.

शोध नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आवर्तन बंद होऊन पाणी निवळल्यावर करायचा. डोहात जाळं टाकून उपयोग नाही. दगडगोट्यांवरून पाणी खळखळत जातं ती उथळ जागा धरायची. खालच्या अंगाला बारीक आसाची जाळी उभी धरायची आणि वरच्या अंगाचे दगड हाताने हलवायचे. दगडाखालचे मासे प्रवाहाबरोबर जाळीत येतात. दगड होता तसा परत ठेवायचा, खाली अंडी आणि किडे असतात. सगळ्यात मोठा घोळ होतो तो मल्या या दुसऱ्या माशाशी. तोही तळाशी दगडाला धरून राहणारा, तसाच मातकट. वरून बघून नाव ठरवू नये. ओंजळभर पाण्यात पोट वर करून ओठांचा, मिशांचा आणि हनुवटीखालच्या भागाचा जवळून फोटो घ्यावा, मोजपट्टी शेजारी धरून, आणि मासा लगेच सोडावा. ओळख तज्ज्ञांकडून करून घ्यावी. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळी टाकायची नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

पाण्यातल्या जनुकीय अंशांवरूनही शोध घेता येतो. ठिकाणी दोन-दोन लिटरचे तीन नमुने बारीक गाळणपडद्यातून गाळायचे, पडदा शुद्ध अल्कोहोलात ठेवायचा, आणि प्रत्येक ठिकाणी स्वच्छ पाण्याचा एक कोरा नमुनाही गाळायचा. तो कोरा नमुना वगळला तर निकालावर कोणी विश्वास ठेवत नाही. आवर्तन चालू असताना हे करू नका. धरणातलं पाणी सगळं पातळ करतं आणि वरच्या जलाशयातल्या कटला-तिलापियाचेच अंश सापडतात.

आणि वाळू-गोटे उपसण्याचा मुद्दा कोणी काढला नाही. १० क्युसेक वाहिले आणि खाली नुसता गाळ असला तर हा मासा राहणार कशावर? प्रवाह मागताना त्याच पत्रात भगूर ते शेवगे दारणा पट्ट्यातल्या उथळ, गोट्यांच्या जागा नकाशावर दाखवून तिथला उपसा बंद करायला सांगा.

पाटपाणी

बंधाऱ्यातला पाइप आणि शहराची बचत हे दोन्ही पटलं. मग मी एक भर घालतो. आवर्तन बंद करायची पद्धत बदलली तर पाण्याचा एक थेंबही जादा लागत नाही, आणि मासे तिथेच सर्वाधिक मरतात. ५०० क्युसेकवरून दरवाजा एकदम पाडला की काही तासांत पात्र उतरतं. कडेच्या खळग्यांत मासे अडकतात, दुसऱ्या दिवशी उन्हाने पाणी तापतं, तिसऱ्या दिवशी बगळे आणि पोरं.

म्हणून आवर्तनाच्या शेवटी पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचं. हे शेपूट असं लावता येईल : ५०० वरून ३५०, २४०, १६०, १००, ६०, ३० आणि मग कायमचे १०. मधल्या सहा पायऱ्यांवर प्रत्येकी नऊ तास थांबायचं. त्या सहा पायऱ्यांत सुमारे ३० दलघफू जातं. ५०० क्युसेकने एका दिवसात ४३.२ दलघफू जातं, म्हणून पूर्ण विसर्ग सतरा तास आधी उतरवायला सुरुवात केली की आवर्तनाचा कोटा तेवढाच राहतो. खाली पातळी तासाला पाच-दहा सेंमीहून जास्त उतरू द्यायची नाही. अरुंद पात्रात ती जास्त उतरते, तिथल्या पट्टीवर बघून पायऱ्या कमी-जास्त करायच्या. रात्रीची पाळी असलेल्या कर्मचाऱ्याला हा तक्ता छापून द्यायचा, तोंडी सांगून हे होत नाही.

जायकवाडीच्या पाण्यालाही हेच लावा. २.६४३ टीएमसी ३,००० क्युसेकने सोडलं तर दहा दिवसांत संपतं. त्या वेळी बंधाऱ्यांचे बर्गे काढलेले असतात, नदीकाठची वीजही तोडतात. म्हणजे उपसा नाही, अडवणूक नाही. शेपूट लावायला याहून चांगली संधी नाही. ते संपल्यावर बर्गे परत बसवताना पाइपचा पत्राही तेव्हाच बसवून घ्यायचा.

अजून एक. ऑक्टोबरात धरणाच्या तळाचं पाणी थंड आणि प्राणवायू कमी असलेलं असतं, कधी कुजकट वास येतो. १० क्युसेक तळमोरीतून (धरणाच्या तळाच्या दरवाजातून) संथ सोडले तर पहिला किलोमीटर मासा राहणार नाही. पाणी उंचावरून दगडांवर पाडून फेसाळू द्यायचं, एवढ्याने बराचसा प्राणवायू परत मिळतो.

दारणाकाठ

हे मोठं काम झालं, पाटपाणी दादा. शेपटाचा तक्ता पत्राच्या पहिल्या पानावर घेतो, कारण त्याला नकार द्यायला कोणाकडे कारण नाही. दुसऱ्यावर बंधाऱ्यांचे पाइप. १० क्युसेकची मागणी तिसऱ्या पानावर, गळती बचतीशी बांधून : पहिल्या वर्षी ५, गळती मोजून कमी झाल्यावर १०. खाणगाव थडी यांचे सांडपाण्याचे आणि पातळीचे मुद्दे वेगळ्या पत्रात वनविभाग आणि महापालिका दोघांना जातील, एकाच कागदात कोंबले तर एकमेकांकडे बोट दाखवलं जाईल.

राहिली मोजणी. खात्याचा आकडा दरवाजावरचा येणार. आपला स्वतंत्र आकडा हवा.

जलमापक

मोजणी साध्या साधनांनी होते. नदीचा सरळ, डोह नसलेला दहा मीटरचा तुकडा निवडा. दोन्ही टोकांना दोरी ताणा. दर अर्ध्या मीटरला खोली मोजून सरासरी काढा. संत्रं किंवा अर्धवट भरलेली बाटली वरच्या दोरीच्या थोडी वरून सोडा आणि खालच्या दोरीपर्यंतचा वेळ घ्या. मध्यावर, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येकी तीनदा. पृष्ठभागावरचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून ०.८५ ने गुणायचं. उदाहरणार्थ रुंदी ६ मीटर, सरासरी खोली २० सेंमी, वेळ ४२ सेकंद : ६ × ०.२ × (१० ÷ ४२) × ०.८५ = ०.२४३ घनमीटर प्रति सेकंद, साडेआठ क्युसेकच्या थोडं वर. वारा असेल तर संत्रं घ्या, बाटली वाऱ्याने ढकलली जाते.

रोज हे करायची गरज नाही. एकदा मापनपट्टी बसवली की पुरे. ती वाळूत रोवू नका. ज्या डोहातून पाणी पक्क्या खडकाच्या उंबऱ्यावरून बाहेर पडतं तिथे बसवा, आणि पट्टीचा शून्य उंबऱ्याच्या खाली ठेवा, म्हणजे प्रवाह थांबलेला दिवसही नोंदवता येतो. २ ते ६० क्युसेकच्या दरम्यान आठ-दहा वेळा संत्र्याने मोजून पातळी आणि प्रवाह यांचा आलेख काढा. शेपटाच्या शेवटच्या पायऱ्या चालू असतात तेव्हा यातले ६० ते १० क्युसेकचे आकडे एकापाठोपाठ मिळतात. पूर येऊन गेला की आलेख परत तपासावा लागतो, गोटे सरकतात. त्याला तांत्रिक नजर हवी असेल तर मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) नाशिकच्या दिंडोरी रोडवरच आहे, तिथे लेखी विचारा.

पट्टीचे फोटो दिवसातून दोन घ्या : एक शेतीपंपांची वीज येण्याआधी, दुसरा वीज जाण्याच्या थोडा आधी. दोन्हींमधला फरक म्हणजे वरच्या पट्ट्यातला उपसा. सकाळचाच आकडा कमी असेल तर धरणातून कमी सुटलंय किंवा एखाद्या बंधाऱ्याचा पाइप बुजलाय. तेव्हा वर चालत जाऊन पहिला पाइप बघायचा आणि मगच तक्रार लिहायची.